खांबावरचा आवाज

माझे साडू भोंग्यावर बोलायचे. हाच त्यांचा धंदा होता. एक जुनी जीप, टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि हातात रुमाल गुंडाळलेला माइक. आमच्या गावात आणि आसपासच्या दहा-बारा वस्त्यांत त्यांना सगळे भोंगेवाले म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त मतदारयादीत होतं.

पाणी किती वाजता सुटणार, लस टोचायला डॉक्टर कधी येणार, कुणाची म्हैस हरवली, कोण गेलं, हे सगळं गावाला त्यांच्याकडून कळायचं. मयताची बातमी सांगताना ते जीप उभी करायचे, इंजिन बंद करायचे, खाली उतरायचे आणि मगच बोलायचे. चालत्या गाडीतून माणूस गेल्याचं सांगू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि जे स्वतः पाहिलं नाही ते सांगायचं नाही, हा दुसरा नियम. म्हैस हरवली म्हणून कुणी आलं, तर आधी त्याच्या गोठ्यात जाऊन रिकामा खुंटा बघून यायचे. त्यावरून लोक टिंगल करायचे, पण त्यांचा आवाज आला की हातातलं काम थांबवून ऐकायचेही.

निवडणुकीचं मात्र वेगळं. तेव्हा ते ज्याचं सांगतील त्याचं बोलायचे. सकाळी एकाचं, दुपारी दुसऱ्याचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अरे पेंटर, निवडणुकीत कोण कुणाचं खरं धरतं? मग ते खोटं तरी कसं होईल?"

पेंटर म्हणजे मी. पाट्या आणि भिंती रंगवायचं माझं काम. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली. ते मला अरे-तुरे करायचे, मी त्यांना अहो-जाहो. बोलायचं काम त्यांनी करायचं आणि लिहायचं मी, अशी आमची वाटणी आपोआप पडली होती. मला चार माणसांत तोंड उघडायला पहिल्यापासून जमत नाही. दुकानात रंगाचा डबा मागायचा असला तरी मी आधी मनात वाक्य जुळवून घेतो. ब्रश हातात असला की तेवढं अडत नाही.

तेल सापडलं ते गावाच्या खालच्या अंगाला, गुरं चरायच्या माळावर. आधी मोठाले ट्रक आले आणि दोन महिने जमिनीला ठोके देत फिरले. भिंतींना भेगा गेल्या. मग लोखंडी मनोरा उभा राहिला. आमचे आमदार तेव्हा तेलाच्या विरोधात होते. त्यांनी मोर्चा काढला, साडू पुढे जीपमधून घोषणा देत होते, आणि चौकातल्या लांब भिंतीवर मी हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, "तेल नको, पाणी द्या." अक्षरं चांगली उतरली होती. आमदार स्वतः येऊन बघून गेले, खांद्यावर हात ठेवला.

वर्ष-दीड वर्षात सरकार पडलं. आमदार रातोरात पलीकडे गेले आणि मंत्री झाले. पहिल्यांदा गावात आले तेव्हा त्याच भिंतीवर चुना मारून मी लिहीत होतो, "तेलातून प्रगतीकडे." ते गाडीतून उतरले, भिंतीकडे बारीक डोळे करून बघितलं आणि म्हणाले, "पेंटर, खालचं अजून दिसतंय हो. दुसरा हात मारा." मी मारला. आता वाटतं, तेवढं तरी दिसू द्यायचं होतं. पण तेव्हा असं काही मनात आलं नाही, खोटं कशाला बोलू. तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं, की हा माणूस मला ओळखतो.

गावातली दहा-पंधरा पोरं कंपनीत पहारेकरी लागली. माळावर जादा गॅस जाळणारी एक उंच ज्योत दिवसरात्र पेटलेली असायची, त्यामुळे कोंबड्या वेळी-अवेळी आरवायला लागल्या. खालच्या आळीत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडायचे. बायका तक्रार घेऊन मंत्र्यांकडे गेल्या, तर त्यांनी प्रत्येकीला साबणाच्या वड्या वाटल्या. मी चेष्टा करत नाही. खरंच वाटल्या, प्रत्येकीला सहा.

मग कंपनीने गावभर खांब पुरले आणि त्यांच्यावर लाउडस्पीकर बसवले. काही अपघात झालाच तर सूचना देता यावी म्हणून. सुरक्षा अधिकारी एक तरुण, सभ्य साहेब होता. त्याने साडूंना बोलावलं. "बाहेरच्या माणसाचा आवाज लोक ऐकणार नाहीत, तुमचा ऐकतील," म्हणाला. साडूंनी मला सोबत नेलं.

साहेबाने कागद पुढे केला. साडूंनी मोठ्यांदा वाचला, "संभाव्य आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास संबंधित रहिवाशांनी…" आणि थांबले. "साहेब, हे संपेपर्यंत माणूस मरेल."

साहेब हसला. "मग तुम्हीच सोपं करा."

"मी बोलणारा. लिहिणारा हा." साडूंनी माझ्याकडे बोट केलं.

मी त्या टेबलाशी बसून दोन मजकूर लिहिले. तेलाच्या विहिरीला आग लागली, धूर झाला, तर पहिला: "गावकऱ्यांनो, मी तुमचा भोंगेवाला बोलतोय. घाबरायचं काही कारण नाही. आपापल्या घरात थांबा. दारं-खिडक्या लावून घ्या. पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका." आणि विषारी गॅस सुटला तर दुसरा: "घर सोडा. सामान घेऊ नका. जो दिसेल त्याला सोबत घ्या आणि टेकडीकडे चला." तो गॅस हवेपेक्षा जड असतो, सखल भागात साचतो, हे साहेबानेच आम्हाला समजावून सांगितलं. खालची आळी तर ओढ्याकाठी, खोलगटात.

पहिला मजकूर तिथेच रेकॉर्ड झाला. दुसऱ्याच्या वेळी साहेब म्हणाला, "हा जरा राहू द्या. हा वरून मंजूर होऊन यावा लागेल. घर सोडा म्हटलं, की सरकारला कळवावं लागतं, मग विधानसभेत प्रश्न येतात. मंजूर झाला की लगेच बोलावतो."

 बाहेर येऊन जीपमध्ये बसताना साडू म्हणाले, "पेंटर, घाबरायचं कारण नाही असं मी म्हणून बसलो. कारण आहे की नाही, हे मला कुठं माहीत आहे रे?"

मी म्हणालो, "अहो, लिहिताना तसंच लिहितात."

हे माझंच वाक्य. ते मी कुणावर ढकलू शकत नाही.

तीन वर्षं गेली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सराव म्हणून खांबांवरून तो मजकूर वाजायचा. आधी इशाऱ्याचा भोंगा, मग साडूंचा आवाज, गावाच्या सगळ्या कोपऱ्यांतून एकदम. ताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "घरात एक बडबडतो तो कमी होता, म्हणून आता खांबावर पण टांगलाय." साडू वरवर हसायचे, पण आवाज सुरू झाला की मान तिरकी करून पूर्ण ऐकायचे. अभिमान होता त्यांना. दुसऱ्या मजकुराचं त्यांनी दोनदा विचारलं. पहिल्यांदा साहेब म्हणाला, फाइल वर आहे. दुसऱ्यांदा साहेबाची बदली झाली होती आणि नव्या साहेबाने विचारलं, "कुठला दुसरा?"

त्या दिवशी निवडणुकीला आठवडा राहिला होता. दुपारी चारला वरच्या मैदानावर मंत्र्यांची सभा होती. मी शिडीवर चढून व्यासपीठामागचा पडदा रंगवत होतो. साडूंचे भोंगे जीपवरून उतरवून मांडवाच्या बांबूंना बांधले होते आणि ते खाली वायरी जोडत होते. साडेदहा-अकराची वेळ. सडक्या अंड्यांसारखा वास आला. तो अधूनमधून यायचाच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात कंपनीच्या छावणीतला आचारी सायकल दामटत आला. अंगात अजून एप्रन होता.

"गॅस सुटलाय! विहिरीचं तोंड उडालं! आमचे सगळे टेकडीकडं पळाले!"

आणि नेमकं तेव्हाच खांबांवर भोंगा वाजला. मागून साडूंचा आवाज: "गावकऱ्यांनो, मी तुमचा भोंगेवाला बोलतोय. घाबरायचं काही कारण नाही."

साडू हातात वायर घेऊन तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग वायर टाकून म्हणाले, "चुकीचं लागलंय. तू कंपनीच्या गेटवर जा, ते बंद करायला लाव. मी खाली जातो."

"भोंगा घ्या की," मी म्हणालो.

"सोडवायला वेळ आहे का!"

मी धावलो. गेटवर आमच्याच गावचा पहारेकरी होता, तोंडाला फडकं बांधून निघायच्या तयारीत. "काका, आत कुणी नाहीये. साहेबलोक बटण दाबून गेले. ते आपोआप वाजतं, दर दोन मिनिटांनी."

"मग तू बंद कर."

"खोलीला कुलूप आहे. किल्ली साहेबांकडं. आणि साहेब टेकडीवर."

मी परत वळलो आणि खालच्या आळीच्या वरच्या बांधावर आलो, पहारेकरीही माझ्यामागून आला. डोळे चुरचुरत होते. खाली साडू घराघरांपुढून पळत होते, दारं बडवत होते, ओरडत होते. माइक नाही, भोंगा नाही. उघड्या गळ्याचा त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. चिरका होता तो, सामान्य माणसाचा. लोक दार किलकिलं करून बघायचे, वर खांबाकडे बघायचे, पुन्हा लावून घ्यायचे. काहींना त्यांनी हाताला धरून बाहेर ओढलं. एका बाईचं तान्हं बाळच उचललं आणि चालू लागले, मग ती शिव्या घालत मागून आली आणि तिच्यामागे तिचं अख्खं घर. असं करत करत बरीच आळी रिकामी केली त्यांनी.

शिंप्याचं घर बांधाला लागूनच होतं, म्हणून तिथलं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकू आलं. शिंपी खिडकीच्या फटीतून बोलत होता.

"मास्तर, बाहेर या! वहिनींना घ्या, टेकडीकडं चला!"

"काय भोंगेवाले, वर एक सांगता, खाली एक!"

"वरचं ऐकू नका! ते मी नाही!"

"तुम्ही नाही तर कोण? तुमचा आवाज मी झोपेत ओळखेन."

"अहो, ते जुनं आहे! तीन वर्षांपूर्वीचं!"

"मग तेव्हा खरं बोललात का खोटं?"

साडू काही बोलणार तेवढ्यात खांब सुरू झाला. "मी तुमचा भोंगेवाला बोलतोय…" शिंपी आतून हसला. "घ्या, तुम्हीच सांगताय घरात बसा म्हणून. का आज सभेला माणसं कमी पडतायत? गर्दी जमवायची नवी शक्कल दिसते."

"मास्तर, पाया पडतो तुमच्या."

"आणि वास तर गेला की आता."

तो गॅस फार झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. हेही साहेबाने आम्हाला सांगितलं होतं. मी वरून ओरडायला हवं होतं. मी ओरडलोही, पण माझा आवाज तो केवढा, आणि त्यात खांबांवर साडू बोलत होते. साडू दाराला खांदा देऊ लागले. दोन धक्के दिले, तिसऱ्याला खाली बसले. पहारेकरी आणि मी मिळून त्यांना बांधावर ओढलं. पुन्हा खाली उतरायची हिंमत आमच्या दोघांतही नव्हती.

पाच माणसं गेली. शिंपी, त्याची बायको, आणि पलीकडच्या घरातले तिघं. साडू वाचले, पण गळा आतून भाजला. महिनाभर दवाखान्यात होते. परत आले ते कुजबुजत. कान ओठांशी नेला तरच कळायचं.

मंत्री तिसऱ्या दिवशी आले. मी अर्धवट रंगवलेल्या पडद्यापुढेच उभे राहून म्हणाले, "कंपनीनं वेळेत सूचना दिली होती, आपल्याच गावच्या माणसाच्या आवाजात. दुर्दैवानं काही बांधवांनी ती गांभीर्यानं घेतली नाही." ते निवडून आले. खालच्या आळीतूनही त्यांना मतं पडली.

चौकशी शाळेच्या हॉलमध्ये झाली. आदल्या संध्याकाळी साडूंनी मला जवळ बसवून कानात सांगितलं, "मला बोलता येत नाही. तू ऊठ. दुसरा मजकूर होता, तो त्यांनी घेतलाच नाही, एवढंच सांग. दोन वाक्यं." मी हो म्हणालो. रात्री ती दोन वाक्यं पाठ केली.

हॉलमध्ये मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. चौकशी अधिकाऱ्याने रेकॉर्डिंग वाजवलं आणि साडूंना विचारलं, "हा आवाज आपलाच?" साडूंनी मान हलवली आणि पुढे काही सांगायला हात वर केला. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. "होकार नोंदवा," अधिकारी लेखनिकाला म्हणाला. मग हॉलभर नजर फिरवली. "आणखी कुणाला काही सांगायचं आहे?"

साडू मागे वळून माझ्याकडे बघत होते.

 वाक्यं पाठ होती. पण पहिल्या रांगेत कंपनीचा नवा साहेब होता, आणि त्याच आठवड्यात त्याने मला गावभर बाण रंगवायचं काम दिलं होतं, टेकडीकडची वाट दाखवणारे. मी त्या कामाला भ्यालो की नुसत्या माणसांना, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मी वर पंख्याकडे बघितलं. "नाही? ठीक," अधिकारी म्हणाला आणि फाइल बंद झाली.

साडू मला एका शब्दाने बोलले नाहीत. ताई बोलली. "लिहायला पुढं, निस्तरायला मागं," म्हणाली आणि चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की बशी फुटली. जीप दारात उभी राहून गंजली. मयताच्या बातम्या आता लोक एकमेकांना फोनवर कळवतात. साडू ओट्यावर बसलेले असले की खालच्या आळीतली माणसं चपला बघत पुढे जातात. ज्यांना त्यांनी ओढून बाहेर काढलं तीसुद्धा. कदाचित त्यांनाच जास्त लाज वाटत असेल. मला माहीत नाही.

वर्ष होत आलं तेव्हा शिंप्याची लेक आली. लग्न होऊन दूर दिलेली, एकुलती एक. मी साडूंकडेच होतो. ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही.

"काका, एकच विचारायचंय. आमच्या बाबांना तुम्ही काय सांगितलंत त्या दिवशी?"

साडूंचे ओठ हलले.

"मला ऐकू येत नाहीये. लोक म्हणतात तुम्ही बाहेर या म्हणालात. चौकशीच्या कागदात लिहिलंय, तुम्ही घरात थांबा म्हणालात, आणि ते तुम्ही कबूल केलंय. मग खोटं कोण बोलतंय? तुम्ही, का तुम्हीच?"

साडूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडून काही मागायचं सोडूनच दिलं होतं त्यांनी. तेच मला सहन झालं नाही बहुतेक. मी बोलायला लागलो. टेबल, दोन कागद, वरून मंजूर होऊन यायचा दुसरा, कुलूप लावलेली खोली, आचारी, खिडकीची फट, तिचे बाबा काय म्हणाले, साडू पाया पडतो म्हणाले ते, दाराला दिलेले धक्के. घाबरायचं कारण नाही हे माझं अक्षर आहे, हेही सांगितलं. किती वेळ बोललो कोण जाणे. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

पोरगी ऐकत होती. मधेच रडली, मग पदराने तोंड पुसलं.

"हे चौकशीत का नाही सांगितलंत?"

माझ्या उत्तराची तिने वाटही बघितली नाही.

"परवा मी सही केली, काका. कंपनीच्या कागदावर. सूचना वेळेत मिळाली होती, आमची काही तक्रार नाही, असं लिहिलं होतं त्यात. आता कोर्टात जाता येत नाही म्हणे. मी वकिलाला विचारलं, दुसरी बाजू सांगणारा कुणी आहे का? तो म्हणाला, हॉलमध्ये एकही माणूस उठला नाही."

ती साडूंपुढे वाकली, त्यांच्या पायांना हात लावला आणि निघाली. माझ्यासमोरून जाताना थांबली नाही.

 ती गेल्यावर साडूंनी मला बोटाने जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. मला वाटलं, आता शिवी तरी देतील.

"तुला एवढं बोलता येतं," ते म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं."

आणि मान भिंतीकडे वळवून त्यांनी डोळे मिटून घेतले.